मीठ-सोडा आधीच घातलेलं पीठ

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे टेनेसी, जॉर्जिया, कॅरोलायना या भागांत, किराणा दुकानात गेलं की एकाच कंपनीच्या पिठाच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी दिसतात. एकीत नुसतं पांढरं पीठ. दुसरीत तेच पीठ, पण गिरणीतच त्यात खायचा सोडा, एखादं कोरडं आम्ल आणि मीठ मिसळलेलं. या दुसऱ्या पिशवीला सेल्फ-रायझिंग फ्लोअर म्हणतात, आणि तिचा मुख्य उपयोग सकाळच्या बिस्किटांसाठी. तिथलं बिस्किट आपल्या चहात बुडवायच्या बिस्किटासारखं कडक नसतं. ते चांगलं दीड इंच फुगतं, वरून खरपूस होतं, आत मऊ पापुद्रे सुटतात, आणि गरम असतानाच मधोमध उघडून लोणी लावून खातात.

हे पीठ विकत घ्यावं, घरी मिसळून बरणीत भरून ठेवावं, की दर वेळी सगळं वेगवेगळं मोजावं? पुढचा संवाद नॉक्सव्हिलमध्ये संसार केलेली मावशी आणि पुण्यात घरून केक-बिस्किटं करून विकणारी तिची भाची यांच्यातला आहे. मला दोघींचं सारखं पटत नाही. कुठे कुणाचं पटतं ते सांगत जाईन.

भाची: मावशी, मला खरंच कळत नाही. मैदा घरात असतो, बेकिंग पावडर असते, मीठ तर असतंच. तिन्ही चाळून एकत्र करायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यासाठी वेगळी पिशवी का आणायची?

मावशी: वेळ वाचवायला नाही आणत गं. मोजावं लागू नये म्हणून आणते.

भाची: म्हणजे?

मावशी: इथल्या जुन्या बायका बिस्किटं कशी करायच्या ते ऐक. लाकडाची मोठी काथवट, तिच्यात पीठ कायमचं भरलेलं. सकाळी त्या पिठात मधोमध हाताने आळं करायचं. त्यात डुकराची चरबी आणि ताक घालायचं, आणि बोटांनी कडेचं पीठ आत ओढत ओढत गोळा करायचा. गोळ्याला लागेल तेवढंच पीठ आत जातं. उरलेलं चाळून परत काथवटीत, वर फडकं. आता तू सांग, यात बेकिंग पावडर किती घालशील?

भाची: किती पीठ गेलं तेच ठाऊक नाही, तर पावडर कशी मोजणार?

मावशी: बरोबर. साध्या पिठाने हे जमतच नाही. या पिठात सोडा पिठाबरोबरच येतो. एक मूठ पीठ जास्त ओढलं गेलं, तर त्या मुठीच्या वाटणीचा सोडा आणि मीठही आत गेलं. ताक जरा जास्त झालं, पीठ जास्त लागलं, तरी प्रमाण मोडत नाही. रोज पहाटे, चूल पेटवता पेटवता, झोपेतल्या पोरांच्या आधी उठून जी बाई आठ-दहा माणसांची बिस्किटं करायची, तिला काय हवं होतं? चमचा कुठे ठेवला ते शोधणं नको होतं.

मावशीचा हा मुद्दा मला या वादातला सर्वांत भक्कम वाटतो, आणि पिशवीवर छापलेल्या पाककृतीत तो सापडत नाही. पिशवीवर दोन कप पीठ मोजायला सांगतात. पण या पिठाची खरी कमाल न मोजण्यात आहे.

भाची: हे मान्य. पण ते रोज करणाऱ्यांचं झालं. मी काटा ठेवून काम करते. मला एक कप पीठ १२० ग्रॅम धरायचं, त्याला दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ, हे पाठ आहे. गिरणीवाला तरी याहून वेगळं काय करतो?

मावशी: फार वेगळं नाही. त्याला इथल्या सरकारचा नियम आहे, एवढंच. सोडा आणि आम्ल मिळून पिठाच्या शंभर भागांना साडेचार भागांपेक्षा जास्त नको, आणि त्या पिठातून त्याच्या वजनाच्या निदान अर्धा टक्का कार्बन डायऑक्साइड निघाला पाहिजे.

भाची: अर्धा टक्का म्हणजे १२० ग्रॅमला ०.६ ग्रॅम.

मावशी: ऐकायला काहीच नाही. पण वायू आहे तो. खोलीच्या तापमानाला त्याचा एक तृतीयांश लिटर होतो, आणि भट्टीत तापला की आणखी. एक कप पिठात एवढा वायू कोंडलेला असतो.

भाची: आणि माझा नेमका आक्षेप तिथेच आहे. एकदा कोंडला की तो माझ्या हातात राहत नाही. समजा मी बटरमिल्क घातलं. त्यात स्वतःचं आम्ल आहे. पिठातला सोडा पिठातल्याच आम्लाने संपणार, मग बटरमिल्कचा आंबटपणा तसाच राहणार आणि वरचा रंगही फिका पडणार. मी वेगवेगळं मोजत असले, तर दोन कप पिठाला तीन चमचे पावडरीऐवजी दोन घालते आणि वर पाव चमचा खायचा सोडा. आंबटपणा मरतो, रंग खरपूस येतो, आणि फुगतं तेवढंच. तुझ्या पिशवीत मी काय करू? घातलेलं काढता येत नाही.

मावशी: तो आंबटपणा इथे लोकांना हवा असतो. तो मारलास तर बिस्किट दुधात केल्यासारखं लागतं.

भाची: तो तुमच्या जिभेचा प्रश्न झाला. पण मीठ? काकांना रक्तदाब आहे. या पिठाच्या एका कपात हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला दोन हजारांच्या आत राहायला सांगते. दोन-तीन बिस्किटांत अर्धा दिवस संपला, आणि लोणी तुम्ही वर खारवलेलंच लावता.

यावर मावशी लगेच काही बोलली नाही. माझ्या मते भाचीचं इथे पूर्ण खरं आहे. पिठाची सोय अशा घरासाठी घडली, जिथे सगळे एकच खात आणि दिवसभर शेतात घाम गाळत. आज एकाच टेबलावर तिघांना तीन पथ्यं असतात. मिसळून ठेवलेलं मीठ कुणाचं पथ्य बघत नाही.

भाची: आणि मावशी, खरं सांगू? तयार पिठात माणसाचं कसब जातं, असं मला वाटतं.

मावशी: हे मात्र मी ऐकून घेणार नाही. सोडा आणि पावडर घरोघरी येण्याआधी इथे बिस्किट कसं फुगवायचे, माहीत आहे? कुटून. कणीक ओंडक्यावर ठेवायची आणि लाकडी मोगरीने, नाहीतर कुऱ्हाडीच्या सपाट बाजूने, अर्धा अर्धा तास बडवायची. पाहुणे असले तर त्याहून जास्त. बडवून बडवून तिच्यात हवा धरायची. बीटन बिस्किट म्हणत त्याला. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकीच्या मोठ्या घरांत ते पाहुण्यांपुढे मानाने ठेवायचे. आणि बडवायचं कोण? घरमालकीण नाही. गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या बायका. पाहुण्यांच्या टेबलावरचं बिस्किट त्यांच्या खांद्यांतून यायचं. तू ज्याला कसब म्हणतेस त्यात दुसऱ्याचा जीव किती जातो, तेही बघावं लागतं.

भाची: हे मी ऐकलं नव्हतं.

मावशी: आणि गव्हाचं पीठही गरिबाच्या घरी रोज नसायचं. मक्याची भाकरी रोजची, बिस्किट रविवारचं. गिरण्या वाढल्या, पीठ स्वस्त झालं, त्यात फुगवण्याची सोयही आली, तेव्हा कुठे सूतगिरणीत पाळी करणाऱ्या बाईच्या घरी रोज सकाळी बिस्किट होऊ लागलं. कसब हरवलं नाही गं. बडवण्यातून सुटलं आणि बोटांच्या टोकांत आलं.

भाची: मग हे पीठ काढलं कुणी? इथल्याच गिरण्यांनी?

मावशी: नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला हेन्री जोन्स नावाचा बेकर होता, त्याने १८४५ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यांपुढे खलाशी होते. महिनोन् महिने समुद्रावर दगडासारखी वाळकी बिस्किटं चावायची त्यांनी. यीस्ट जहाजावर टिकत नाही. जोन्सने पिठात सोडा आणि टार्टारिक आम्ल कोरडंच मिसळलं. पाणी लागेपर्यंत दोघं गप्प. पाणी लागलं की फसफसतं. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी मात्र त्याला बरीच वर्षं ताटकळत ठेवलं.

भाची: म्हणजे ताज्या भाकरीची सोय होती ती. बरं. पण टार्टारिक आम्ल पाण्याबरोबर लगेच धावतं. कणीक थोडी थांबली की वायू निघून जाणार.

मावशी: म्हणून तर पुढे फॉस्फेट आलं. हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड, त्यांनी १८५६ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटच्या आम्लाचं पेटंट घेतलं. आता बेकिंग पावडरींत बहुधा दोन आम्लं असतात. एक ओलं झाल्यावर काम करतं, दुसरं भट्टीत तापल्यावर.

भाची: मला तेच दुसरं आम्ल नको असतं. काही पावडरींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, त्याची जिभेवर धातूसारखी चव राहते. एडना लुईस याच कारणाने स्वतःची पावडर करायच्या. दोन भाग क्रीम ऑफ टार्टार, एक भाग खायचा सोडा. बस.

मावशी: एडना लुईसचं नाव घेतलंस तर मी काय बोलणार! व्हर्जिनियातल्या फ्रीटाऊनची ती. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेली वस्ती, तिचे आजोबा त्यांतले. १९७६ मध्ये तिने त्या गावाच्या जेवणावर पुस्तक लिहिलं आणि दक्षिणेकडच्या घरगुती स्वयंपाकाला मान मिळवून दिला. पण लक्षात ठेव, तिची पावडर एकदाच फुगते. ताक घातलं की बिस्किटं कापून थेट भट्टीत. मध्ये फोन घ्यायचा नाही.

भाची: मी घेत नाही.

इथे दोघी हसल्या, आणि वाद पावडरीवरून गव्हावर गेला. माझ्या मते पावडरीपेक्षा बिस्किट बिघडवायची ताकद गव्हात जास्त आहे.

मावशी: तू पुण्यात या पिशवीची नक्कल करशील, पण सोडा-मीठ घालून अर्धीच नक्कल होईल. इथला गहू मऊ. सॉफ्ट रेड विंटर म्हणतात त्याला. थंडीच्या आधी पेरतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढतात. पश्चिमेच्या सपाट प्रदेशातला कणखर गहू पावाचा. इकडच्या दमट हवेत हा मऊ गहू येतो. त्याच्या पिठात प्रथिनं आठ-नऊ टक्के. हात लावलास तर पावडरसारखं लागतं. म्हणून बिस्किट चिवट होत नाही.

भाची: आमच्या मैद्याच्या पाकिटावर दहा-अकरा ग्रॅम लिहिलेलं असतं. मी एक कप मैद्यातून दोन मोठे चमचे काढते आणि तेवढंच कॉर्नफ्लॉवर घालते. स्टार्च वाढला की प्रथिनं आपोआप कमी.

मावशी: चालेल. अगदी हा गहू नाही होणार, पण चिवटपणा जाईल. आणि मळायचं नाही. हे तुम्हा पोळीवाल्यांना सांगावं लागतं. कणीक दिसली की हात मळायलाच जातात.

भाची: आणि तुझ्या या गव्हाचं काय झालं तेही सांग की. नॉक्सव्हिलची व्हाइट लिलीची गिरणी १८८३ पासूनची, २००८ मध्ये बंद झाली. पीठ दुसऱ्या राज्यात दळायला गेलं. तेव्हा इथले स्वयंपाकी हवालदिल झाले होते, वर्तमानपत्रांत आलं होतं. एका पिशवीवर हात बसवला की असं होतं. कंपनी विकली जाते, गिरणी हलते, आणि आपला हात परावलंबी.

मावशी: खरं आहे. मी त्या इमारतीवरून जाते तेव्हा वाईट वाटतं.

भाची: आणि नॅशव्हिलच्या मार्था व्हाइटने तर आपल्या पिठातल्या या मिश्रणाला 'हॉट राइझ' नाव देऊन रेडिओवर गाणी म्हणवली. ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात फ्लॅट आणि स्क्रग्जसारखे मोठे वादक ती गायचे. आत काय होतं? सोडा, आम्ल, मीठ.

मावशी: हो, पण पिशवी उघडली की दर वेळी तेच मिळायचं. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. गाणं त्या खात्रीचं होतं.

भाची: ती खात्री मला घरी करायची आहे. अर्धा किलोचा हिशेब मी मांडलाय. अर्धा किलो मैदा, त्यातला सुमारे आठवा भाग काढून कॉर्नफ्लॉवर. २५ ग्रॅम बेकिंग पावडर. ६ ग्रॅम मीठ. तीनदा चाळायचं.

मावशी: तीनदा चाळच, नुसतं चमच्याने ढवळू नकोस. पावडर गोळा होऊन बसली तर एका बिस्किटावर तपकिरी ठिपका आणि दुसरं चपटं. आणि पावडर आधी तपास. गरम पाण्यात अर्धा चमचा टाक, जोरात फसफसली तर घे. तुमच्या पावसाळ्यात तर अर्धा किलोच्या वर मिसळूच नकोस. दमट हवा शिरली की आतल्या आत थोडं थोडं संपत राहतं. दिसत काहीच नाही. बिस्किट फुगलं नाही की कळतं.

भाची: बरणीवर तारीख घालेन. आणि यीस्टच्या पावाला, फुलक्यांना चुकून हे पीठ जाऊ नये म्हणून वेगळ्या रंगाचं झाकण.

मावशी: आणखी एक. इंग्लिश पुस्तकातला केक करायला हे पीठ सरसकट घेऊ नकोस. त्यांच्या सेल्फ-रेझिंग पिठात साधारणपणे मीठ नसतं, आणि त्यांचा गहूही इथल्याइतका मऊ नसतो. त्या पाककृतीत मीठ वेगळं घालायला सांगितलं असेल आणि तू हे इथलं पीठ घेतलंस, तर केक खारट.

भाची: आता मूळ बिस्किट. तू सांग, मी लिहून घेते.

मावशी: दोन कप पीठ. साठ ग्रॅमच्या आसपास लोणी, फ्रीजमधून काढलेलं, घट्ट. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, त्याच्या अगदी उलट. इथे स्निग्ध पदार्थ गार आणि तुकड्यांत राहिला पाहिजे. मटाराएवढे तुकडे राहिले की थांबायचं. भट्टीत ते वितळतात, तिथे वाफ होते, आणि पापुद्रा सुटतो. मग पाऊण कप बटरमिल्क. तुमचं प्यायचं ताक पातळ पडेल. दही घुसळून थोडंसंच पाणी घाल, चमच्यावरून हळू सरकेल इतकं. चिकट गोळा झाला की ओट्यावर पीठ भुरभुरून हाताने थापायचं, दुमडायचं, पुन्हा थापायचं. तीन-चार घड्या. पाऊण इंच जाड. वाटीने सरळ खाली दाबून कापायचं. वाटी फिरवलीस तर कड चिकटते आणि वर चढत नाही. थाळीत एकमेकांना चिकटून ठेव, म्हणजे बाजूला पसरण्याऐवजी वर जातील.

भाची: उष्णता?

मावशी: इथे ४७५ फॅरनहाइट. तुझ्याकडे?

भाची: माझा ओटीजी २५० सेल्सियसपर्यंत जातो, तर २४५ होईल. नीट तापू देते. दहा-बारा मिनिटं?

मावशी: हो. रंगावर लक्ष ठेव. भट्टी मंद असेल तर वायू आधी निघून जातो आणि कड मागाहून धरते. बसकं होतं मग.

भाची: आणि ते दोन जिनसांचं बिस्किट? पीठ आणि दाट साय?

मावशी: ते या पिठाने फार सुरेख होतं, कारण इथल्या हेवी क्रीममध्येच ३६ टक्क्यांवर स्निग्धांश. लोणी चोळायलाच नको.

भाची: आमच्याकडचं पाकिटातलं फ्रेश क्रीम २५ टक्के. म्हणजे तसंच्या तसं नाही जमणार, थोडं लोणी चोळावं लागेल. बरं, काकांचं मीठ मात्र मला सुटत नाहीये.

मावशी: मीठ काढलंस तरी सगळं सोडियम जाणार नाही. सोड्यातही आहेच. निम्म्याच्या आसपास कमी होईल.

भाची: निम्मं तर निम्मं. मी बरणीत मीठ घालणारच नाही. इंग्लिश पद्धतीने ठेवते.

मावशी: मग माझं काथवटीचं गणित मोडलं. मीठ वेगळं घालायचं म्हणजे पुन्हा पीठ मोजणं आलं.

भाची: नाही मोडत. मीठ ताकात घालूया. ताक तर तू मोजतेसच, निदान भांड्याच्या अंदाजाने. आणि गोळा ताकाच्या हिशेबानेच पीठ ओढतो. ताकात मीठ विरघळलं की ते त्याच प्रमाणात सगळीकडे जाईल.

मावशी: अगं... हे चालेल. पाऊण कपाला अर्धा छोटा चमचा. चाखून बघितलंस तर प्यायच्या ताकापेक्षा चांगलं दुप्पट खारट लागलं पाहिजे. पिठात गेलं की ते बेताचं होतं. सोडा पिठात, मीठ ताकात.

भाची: आणि काकांसाठी?

मावशी: त्यांच्या दोन बिस्किटांचं ताक मीठ घालायच्या आधी वेगळं काढ, आणि त्यांचा गोळा पहिल्यांदा कर. आधी खारट गोळा केलास तर हाताला लागलेलं त्यांच्यात जाईल. आणि लोणी बिनमिठाचं आण, ते मीही लावीन.